वारज्याची वाट

1794 च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीत कवी मोरोपंतांनी देह ठेवला. अखेरच्या दुखण्यातही पंत आर्या रचत होते, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. उशाशी माणसं, मुखी नाम, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर मरण असंच घरात येई. सोबत उदंड होती. वेदनेवर मात्र फारसा इलाज नव्हता.

1941 मध्ये परळला टाटा रुग्णालय उघडलं आणि गावोगावचे कॅन्सरचे रोगी मुंबई गाठू लागले. पण ‘आता घरी न्या’ असं सांगितल्यावर पुढं काय? टाटातलेच शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला शांती आवेदना आश्रम काढला. अखेरच्या दिवसांतल्या रोग्यांना सांभाळणारं, भारतातलं ते पहिलं हॉस्पिस.

नेमक्या त्याच काळात वेदनेवरचं औषध दुर्मिळ झालं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिनसाठी परवान्यांवर परवाने लागू लागले. ज्या देशात सरकारी देखरेखीखाली मॉर्फिन देणारी अफू पिकते, त्या देशाचा मॉर्फिनचा वर्षाचा वापर 1997 पर्यंत सुमारे 18 किलोवर आला. किती जणांनी तळमळत प्राण सोडला असेल!

त्याच वर्षी पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं उपशामक, म्हणजे वेदना हलकी करणारं, केंद्र सुरू झालं. उपचार मोफत, आणि रोग्यासोबत घरचं माणूस राहणार. तिथली खरी कमाई म्हणजे त्या माणसाला मिळणारं शिक्षण. मॉर्फिनची साधी गोळी दुखण्याची वाट न पाहता दर चार तासांनी द्यायची. बद्धकोष्ठता ठरलेली, म्हणून पोट साफ होण्याचं औषध जोडीला. तोंडाच्या कॅन्सरची जखम चिघळली, की तिच्यावर मेट्रोनिडॅझोलची पूड. तंबाखू-मिशेरीच्या मुलखात या पुडीचं मोल मोठं: दुर्गंधी कमी झाली, की नातवंडं पुन्हा खाटेजवळ बसतात.

केरळपाठोपाठ महाराष्ट्रानं 2012 मध्ये उपशामक सेवेचं धोरण केलं. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदाही सैल झाला. तरी हाडांत कॅन्सर पसरलेल्या माणसाला इंदापूरहून वारज्याला गाडीत घालून न्यायचं म्हणजे शंभरावर किलोमीटरचे हाल. गोळी आणि नर्स तालुक्यातूनच घरी पोचली पाहिजे.

केरळातल्या मलप्पुरममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरोघरच्या शुश्रूषेचं हे काम उभारलं. इथं इंदापूरकडे तर तुकोबांची पालखी आली, की सणसर, निमगाव केतकीची माणसं अनोळखी वारकऱ्यांचे पाय चेपतात. या हातांना शिकवायला ग्रामीण रुग्णालयांनी आता उशीर करू नये.