ज्याचा त्याचा गळा : अण्णासाहेब किर्लोस्करांची फिरती कंपनी

स्मरणिका समितीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "शाळेची एखादी आठवण लिहा, दोन-तीन पानांत." सहली, डबे आणि छड्या यांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी आपल्या नववीच्या स्नेहसंमेलनातल्या 'सौभद्र'च्या प्रवेशापासून निघून सुमारे दीडशे वर्षे मागे जाणार आहे. दहावीला इतिहासात मी जेमतेम तरले होते, हे इतिहासाच्या बाई विसरल्या नसतील. त्यांनी हा लेख म्हणजे उशिरा आलेला गृहपाठ समजावा. तपासताना लाल शाई मात्र जरा बेताने वापरावी.

तो प्रवेश आठवतोय? पुठ्ठ्याची वीणा, कुणाच्या तरी आजीचे नऊवारी पातळ पितांबर म्हणून नेसवलेले. नारदाचे काम आपल्या वर्गातल्या ज्या मुलाकडे होते त्याचे नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबरपासून तो तालमीत गात होता आणि फार छान गात होता. डिसेंबरात त्याचा आवाज फुटला. वरच्या स्वराला गेला की मधेच भसकन खाली यायचा आणि मागच्या बाकावरून हशा पिकायचा. पंधरा दिवस उरले असताना बाईंनी वीणा त्याच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिली. त्याला पडदा ओढायचे काम मिळाले. मला आनंद झाला होता आणि तो लपवायला मी फारसे कष्टही घेतले नव्हते. नारद करून टाळ्या घेतल्या. त्याच्याशी त्या विषयावर तेव्हाही बोलले नाही, नंतरही नाही.

लॉकडाउनमध्ये घरून काम करायला सांगलीला येऊन राहिले होते, तेव्हा आईच्या कपाटातली नाट्यसंगीतावरची जुनी पुस्तके वाचायला घेतली आणि हे प्रकरण पुन्हा डोक्यात घोळू लागले. कारण ज्या माणसाने 'सौभद्र' लिहिले त्याच्या कंपनीतही हेच घडले होते. फक्त तिथे प्रश्न एका संध्याकाळचा नव्हता, पोटाचा होता.

आपण सांगलीची मुले, त्यामुळे विष्णुदास भावे आपल्याला पाठ. ५ नोव्हेंबर १८४३, 'सीता स्वयंवर', रंगभूमी दिन. त्याच वर्षी ३१ मार्चला गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, जन्मले होते. मराठी नाटक आणि त्याला गायला लावणारा माणूस एकाच वर्षीचे. हा योगायोग मला कुणी शाळेत सांगितला असता तर एक सनावळी तरी लक्षात राहिली असती.

भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकात गायचे काम सूत्रधाराचे. तो साथीदारांसह रंगमंचावरच उभा राहून कथानकाची पदे म्हणायचा आणि पात्रे त्या प्रसंगाला धरून मनचे बोलायची. भाषण लिहिलेले नसे. राक्षस आला की 'अलल डुर्र' करून आरोळ्या ठोकायचा. या पद्धतीला आज आपण हसतो, पण तिची एक सोय होती. सीता करणाऱ्या मुलाला गाता आले नाही तरी चालत असे. एक नट आजारी पडला तर दुसरा उभा करता येई. रामायण-महाभारतातला कोणताही प्रसंग थोड्या तयारीवर लावता येई. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर सुटे भाग बदलता येत होते.

अण्णासाहेबांनी ही सोयच काढून घेतली. धारवाड आणि पुण्यात शिक्षण, विद्यार्थिदशेतच नाटकवाल्यांना पदे करून देण्याचा नाद, मग बेळगावला शिक्षकी आणि पुढे सरकारी नोकरी. पुण्यात त्यांनी एक पारशी नाटक पाहिले आणि असे मराठीत का होऊ नये म्हणून कालिदासाचे 'शाकुंतल' हाती घेतले, असे सांगतात. (सोकर बापूजी त्रिलोकेकरांचा संगीत नाटकाचा प्रयत्न त्याआधीचा आहे. सगळे श्रेय एकाच्या खात्यावर टाकायची आपल्याला खोड आहे, म्हणून मुद्दाम नोंदवते.) अण्णासाहेबांनी नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढले आणि पदे ज्याची त्याच्या तोंडी दिली. दुष्यंताचे पद दुष्यंताने म्हणायचे, कण्वाचे कण्वाने. सूत्रधाराने नांदी आणि प्रस्तावना संपवून आत जायचे. हा सूत्रधार ते स्वतःच होत.

पदे दोनशेच्या आसपास. चाली कुठून आणल्या? कीर्तनातून आणि लावणीतून. साकी, दिंडी, कामदा ही तर घराघरांतल्या बायकांच्या ओळखीची वृत्ते. अण्णासाहेब कानडी मुलखाच्या शिवेवरचे असल्यामुळे कर्नाटकी चालीही आल्या. लोकांनी संस्कृत नाटक पाहायला यायचे आणि चाल मात्र आपलीच ऐकायची. प्रेक्षक घरी जाताना पद गुणगुणतच जात असला पाहिजे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. पण सात अंकी नाटकाचे त्या रात्री चारच अंक झाले! उरलेले नंतर. 'सौभद्र'चेही तसेच. १८ नोव्हेंबर १८८२ ला पहिले तीन अंक झाले आणि पाचही अंकांचे पुरे नाटक रंगभूमीवर यायला १८८३ साल उजाडले. १८८४ साली 'रामराज्यवियोग'चेही तीनच अंक आले. आमच्याकडे अर्धे तयार झालेले सॉफ्टवेअर ग्राहकाला देऊन उरलेले मागाहून पाठवायची रीत आहे आणि ती अमेरिकेत निघाली असे आमचे लोक समजतात. त्यांना एकदा बुधवार पेठेत न्यायला हवे.

'दिग्दर्शक' हा शब्द तेव्हा नाटकात रुळलेला नव्हता. तालीममास्तर म्हणत. अण्णासाहेबांनी लिहिले, चाली बसवल्या, माणसे पारखली आणि तालमी घेतल्या, म्हणजे आज चार जणांची नावे श्रेयनामावलीत येतील एवढे काम केले. आणि मग हे सारे गाठोडे बांधून कंपनी फिरू लागली. एका गावाचा प्रेक्षक किती पुरणार? त्यामुळे नाटक कंपनीचे घर म्हणजे मुक्काम. पडदे, पेट्या, दागिने, स्वयंपाकाची भांडी, आचारी आणि नट असे सगळे मिळून एक बिऱ्हाड. १८८० साली पुण्याहून मुंबईला आगगाडी होती, बेळगावला नव्हती. आपल्या मिरजेलाही रूळ नंतर आले. रूळ नसतील तिथे बैलगाड्या. रात्री खेळ सुरू करायचा तो उत्तररात्रीपर्यंत चालायचा, आणि तोही माइकशिवाय. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे ते नुसत्या गळ्यावर.

इथेच गोम आहे. पदे पात्राच्या तोंडी गेल्यापासून कंपनीचे भांडवल पडद्यांत आणि पेट्यांत उरले नाही. ते चार-पाच जणांच्या गळ्यांत जाऊन बसले. आम्ही ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो तो अण्णासाहेबांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता, आणि माझ्या मते समजून-उमजून केला होता.

पहिल्या 'शाकुंतला'त मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. दोन वर्षांनी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कंपनीत आला. त्याचा गळा असा की शकुंतला त्याच्याकडे गेली आणि 'सौभद्र'मधली सुभद्राही त्यानेच केली. मुजुमदारांना काय वाटले असेल? मी पुस्तकांत शोधत बसले होते, पण पुस्तके भाऊरावांच्या सुभद्रेबद्दल भरभरून बोलतात. भूमिका गेलेला माणूस मात्र कंपनी सोडून गेला नाही. पुढे तो कंपनीचा व्यवस्थापक झाला आणि अण्णासाहेबांचे चरित्रही त्यानेच लिहिले. त्या काळाबद्दल आज आपल्याला जे कळते त्यातले बरेचसे शकुंतलेचे काम गमावलेल्या नटाच्या लेखणीतून आले आहे.

दुसरी गोष्ट भास्करबुवा बखल्यांची. बडोद्याकडचा गरीब घरचा मुलगा, जन्म १८६९ चा. 'रामराज्यवियोग'मध्ये भाऊराव मंथरा आणि हा कोवळ्या वयात कैकेयी. कंपनी इंदूरला असताना थोर बीनकार बंदे अली खाँनी त्याचे गाणे ऐकले आणि स्वतः होऊन त्याला शागीर्द केले, असे सांगतात. एवढ्याशा पोराला आणखी काय हवे? मग पौगंडावस्थेत त्याचा आवाज फुटला. कैकेयी गेली, मान गेला आणि शेवटी कंपनीही सुटली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे रिलीज होते आणि मी आपल्या नववीच्या वर्गात बसले होते.

भास्करबुवांचे पुढे काय झाले ते आपल्यापैकी गाणे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. बडोद्याला फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ अशा तीन गुरूंच्या पायाशी बसून त्यांनी गळा नव्याने घडवला. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला. किर्लोस्कर मंडळींमध्येच पुढे आलेल्या बालगंधर्वांनी त्यांनाच गुरू मानले आणि १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली बुवांच्या.

भाऊरावांनाही वय चुकले नाही. शरीर भरले, स्त्रीवेष शोभेना तेव्हा ते पुरुष भूमिकांकडे वळले. १८९९ च्या 'शारदा'त ते कोदंड झाले. 'शारदा' म्हणजे आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे. देवल बेळगावच्या शाळेत अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकले होते. मास्तरांच्या तालमीत विद्यार्थी नाटककार झाला, ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत यायलाच हवी. हरिपूरच्या संगमावर आपण भडंग खात किती रविवार काढले, पण ज्याने जरठ-कुमारी विवाहावर नाटक लिहून महाराष्ट्राला रडवले तो इथला, हे मला पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळले. आपल्या पिढीचे हे असेच.

अण्णासाहेबांनी यातले फारसे पाहिलेच नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरलाच ते गेले. वय बेचाळीस. आपण सगळे आज त्याहून मोठे आहोत. पहिल्या 'शाकुंतला'नंतर त्यांना मिळाली ती पाच वर्षे. 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. या वेळी उरलेले अंक मागाहून आले नाहीत.

कंपनी मात्र राहिली. भाऊराव १९०१ मध्ये चाळिशीच्या आतच गेले तेव्हा ती पुन्हा एका गळ्यावाचून अडली. १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आपल्या शेजारी मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले आणि कंपनी तरली. १९१३ मध्ये ते स्वतःची कंपनी काढायला बाहेर पडले आणि पुन्हा तेच संकट. दर वेळी 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' तेच, अक्षर न् अक्षर लिहिलेले. बदलत होती ती माणसे. नाटक लिहून ठेवले होते म्हणून दर वेळी नव्या माणसाला ते शिकता येत होते. भाव्यांच्या पद्धतीत हे शक्य नव्हते. तिथे माणूस गेला की त्याचे मनचे बोलणे त्याच्याबरोबर जाई. म्हणजे एका हाताने अण्णासाहेबांनी कंपनी गळ्याच्या हवाली केली आणि दुसऱ्या हाताने गळा गेल्यावर पुढे काय याची तजवीजही करून ठेवली. हे मला वाचता वाचता फार उशिरा सुचले. जाणकारांनी चूक असेल तर संमेलनात कान धरावा.

आता संमेलनाबद्दल. आपला मूळचा नारद गेली काही वर्षे भजनी मंडळात गातो आणि ग्रुपवर अधूनमधून रेकॉर्डिंग टाकतो. खाली आपण सगळे अंगठे देतो आणि पुढचे विनोद वाचायला जातो. मी ती रेकॉर्डिंग पूर्ण ऐकली आहेत, काही दोनदा. आवाज खर्जातला आहे, भारदस्त आहे, आणि वरचा स्वर आता घसरत नाही. मी स्वतः दहावीनंतर गायलेच नाही. वीणा घेतली आणि पुढे काही केले नाही.

बाईंना मी गेल्या महिन्यात फोन केला होता. त्यांनाही तो डिसेंबर आठवतो. त्या म्हणाल्या, "अगं, पट्टी उतरवून त्यालाच ठेवता आलं असतं. पण पेटीवाले सर ऐकेनात आणि दिवस थोडे होते." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याला सांग, मी येणार आहे."

तेव्हा, मित्रा, हे वाचत असशील तर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात अर्धा तास मी समितीकडून मागून घेतला आहे. 'सौभद्र'चा पहिला प्रवेश, नारद तू. पट्टी तुझी. पेटीवाला तुझ्या भजनी मंडळातलाच आण, म्हणजे वाद नको. पुठ्ठ्याची वीणा मी करून आणते. शाळेच्या सभागृहाचा पडदा अजूनही दोरीनेच ओढावा लागतो असे कळले. तो मी ओढीन.