ब्रोनिस्लावाने लावलेले लग्न

पॅरिसच्या गेते-लिरिक नाट्यगृहात १३ जून १९२३ रोजी रशियन खेड्यातले एक लग्न रंगमंचावर लागले. बॅलेचे नाव ‘ले नोस’, म्हणजे लग्नच. संगीत इगोर स्ट्राव्हिन्स्कीचे: चार पियानो, तालवाद्ये आणि गायकवृंद. सर्गेई द्यागिलेवच्या ‘बॅले रूस’ मंडळीचे खेळ म्हणजे भरजरी पोशाख आणि डोळे दिपवणारे रंग, अशी पॅरिसकरांची सवय. या लग्नात मात्र सगळे वऱ्हाड तपकिरी आणि पांढऱ्या साध्या कपड्यांत. नवरा-नवरीच्या वाट्यालाही नाच अगदी थोडा. नाचत होता तो त्यांना वेढून असलेला गाव.

हे लग्न बसवले होते ब्रोनिस्लावा निजिन्स्का या बाईने. तोवर जग तिला ओळखायचे ते नामांकित नर्तक वाक्लाव निजिन्स्कीची बहीण म्हणून.

तिचा जन्म १८९१ चा, मिन्स्कचा. आई-वडील पोलिश, दोघेही गावोगाव फिरणारे नर्तक. पुढे वडिलांनी घर सोडले आणि मुले आईनेच वाढवली. सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यशाळेतून १९०८ मध्ये ती बाहेर पडली आणि मारिन्स्की थिएटरात दाखल झाली. १९११ मध्ये पोशाखाच्या वादावरून वाक्लावला तिथून काढले, तेव्हा हिनेही नोकरी सोडली आणि दोघे द्यागिलेवच्या मंडळीत गेली. वाक्लावने ‘फॉन’चा बॅले जुळवला तो आधी घरच्या घरी, गुपचूप, बहिणीच्या अंगावर हालचाली पारखत. त्याच्याच ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमधली बळी जाणारी मुलगीही तिच्यासाठीच रचली जात होती. पण ती गरोदर राहिली आणि १९१३ मध्ये पहिल्याच खेळाला गदारोळ उठवणाऱ्या त्या बॅलेतली भूमिका दुसऱ्या नर्तकीकडे गेली. म्हणजे भावाच्या क्रांतीतला कच्चा मसुदा बराचसा हिच्या देहावर लिहिला गेला. नाव अर्थातच भावाचे.

तिचे स्वतःचे काम उभे राहिले कीव्हमध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत. १९१९ मध्ये तिने तिथे ‘चलनशाळा’ काढली. चित्रकार अलेक्सांद्रा एक्स्टरसारखी मंडळी तिच्या भोवती होती. नृत्याचा जीव हालचालीत आहे, गोष्ट सांगण्यात किंवा सुरेख पवित्रा घेऊन उभे राहण्यात नाही, हा विचार तिथे पक्का झाला. १९२१ मध्ये म्हातारी आई आणि दोन लेकरे घेऊन तिने सरहद्द ओलांडली. भाऊ तेव्हा मनाच्या आजाराने नृत्यातून कायमचा बाहेर पडला होता.

द्यागिलेवने तिला परत बोलावले खरे, पण ‘ले नोस’वरून दोघांचे वाजले. चित्रकार नताल्या गोंचारोव्हाने आधी काढलेले पोशाख भरगच्च नक्षीचे होते. निजिन्स्काला ते पसंत पडेनात. या लग्नात तिला आनंदसोहळा दिसतच नव्हता: पोरीला विचारतो कोण, आई-बाप ठरवतील तिथे तिने जायचे. काम लांबणीवर पडले, बाई हटली नाही, आणि वर्षभराने द्यागिलेवनेच तिचे म्हणणे मान्य केले. मराठी वाचकाला या लग्नातला पाठवणीचा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

पहिल्या प्रवेशात नवरीची वेणी आहे. साधी नव्हे, जमिनीवर लोळेल इतकी लांब, दोरखंडासारखी. मैत्रिणी ती हातात धरून तिच्याभोवती फिरतात. मग त्या एकीच्या डोक्यावर दुसरीचे डोके ठेवत चेहऱ्यांचा उतरंडीसारखा ढीग रचतात आणि सगळ्यात वर नवरी आपली हनुवटी टेकवते. टणक टोकांच्या बुटांत पायाच्या बोटांवर उभे राहण्याची बॅलेतली रीत ही परीसारखे तरंगण्यासाठी. निजिन्स्काने त्याच बुटांनी जमीन ठोकायला लावली. शिवाय त्यामुळे बायका जुन्या रशियन देवचित्रांतल्या संतांसारख्या उंच, ताठ दिसू लागल्या.

पुढच्याच वर्षी ‘ले बिश’ आला: श्रीमंतांची मेजवानी, प्रेमाचे चाळे, पूलँकचे खट्याळ संगीत. त्यापाठोपाठ ‘ल त्रँ ब्ल्यू’, समुद्रकिनाऱ्यावरच्या शौकिनांचा, ज्याचे कपडे कोको शानेलने केले. गावातल्या लग्नानंतर इतकी टवाळखोरी त्याच डोक्यातून निघावी, हे मला तरी तिच्या ताकदीचे मोठे लक्षण वाटते. राव्हेलच्या ‘बोलेरो’चा पहिला बॅलेही तिचाच, १९२८ चा, इदा रुबिनस्टाइनच्या मंडळीसाठी.

बॅलेची नोंद राहते ती मुख्यतः नाचणाऱ्यांच्या अंगात. मंडळी फुटली की रचना विरतात. निजिन्स्का अमेरिकेत गेली, लॉस एंजेलिसला शाळा चालवू लागली. पुढे गाजलेली नर्तकी मारिया टॉलचीफ तिथेच तिच्या हाताखाली तयार झाली. युरोपात मात्र तिचे नाव मागे पडत गेले. रुबिनस्टाइनच्या मंडळीत तिच्या हाताखाली नाचलेला एक तरुण इंग्रज, फ्रेडरिक ॲश्टन, पुढे लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख झाला, म्हणून बरे! त्याने तिला बोलावून १९६४ मध्ये ‘ले बिश’ आणि १९६६ मध्ये ‘ले नोस’ तिच्याकडूनच बसवून घेतले. तेव्हा ती पंचाहत्तरीला आली होती.

१९७२ मध्ये ती गेली. तिच्या आठवणींचे जाडजूड पुस्तक १९८१ मध्ये निघाले, लेक इरीनाने संपादनाला हातभार लावून. भावाविषयी त्यात भरभरून आहे. पुस्तक थांबते मात्र १९१४ पाशी, कीव्हच्या शाळेच्या पाच वर्षे आधी.