राजाचे नाणे, अस्वलाचा ठसा

फ्रान्सच्या पंधराव्या किंवा सोळाव्या लुईचे चांदीचे एक्यू हे नाणे हातात घेतले, तर प्रथम जाणवते ते त्याचे वजन. व्यास सुमारे ४१ मिलिमीटर, वजन २९.४८८ ग्रॅम. हा विचित्र वाटणारा आकडा कोठून आला? १७२६ च्या सुधारणेनुसार २४४.७५ ग्रॅमच्या एका ‘मार्क’ चांदीतून ८.३ नाणी पाडायची होती. भागाकार करून पाहावा. शुद्धता बारात अकरा भाग, म्हणजे एका नाण्यात सुमारे २७ ग्रॅम शुद्ध चांदी. किंमत सहा लिव्र.

अशाच काही नाण्यांवर राजाच्या मुखवट्यावरच, नंतर कोणीतरी हाणलेला, एक लहान ठसा दिसतो : ४० बाट्सेन. दुसऱ्या बाजूस ढाल आणि तीत अस्वल. अस्वल हे स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांताचे चिन्ह. फ्रान्सच्या राजावर बर्नने आपला शिक्का का मारावा?

त्याचे उत्तर वजनकाट्यात आहे. क्रांतीनंतर फ्रान्सने फ्रँक हे नवे चलन आणले. एका फ्रँकमध्ये ४.५ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या हिशेबाने न झिजलेला एक्यू जवळजवळ सहा फ्रँकचा भरतो. पण १८१० च्या हुकुमाने त्याचा भाव ५.८० फ्रँक ठरला. जुन्या नाण्याला सरकारनेच बट्टा लावला! स्वित्झर्लंडमध्ये मात्र हेच नाणे मोठ्या व्यवहारांत मुरलेले होते. १७९८ नंतर हेल्व्हेटिक प्रजासत्ताकाने स्वतःचे ४० बाट्सेनचे नाणे पाडले, तेही जवळपास एक्यूच्याच वजनाचे. पुढे प्रांतांना आपापले चलन परत मिळाले. तेव्हा बर्नने १८१६ ते १८१९ या काळात फ्रेंच एक्यूंवर ठसे मारून त्यांची किंमत जाहीर केली. नवे नाणे पाडण्यासाठी चांदी वितळवा, चकत्या करा, साचे कोरा, हा सारा खटाटोप वाचला. हातोड्याचा एक घाव पुरला.

शेजारच्या व्हो प्रांतानेही पुढे १८३० च्या सुमारास ठसा मारला, पण तो ३९ बाट्सेनचा. हा प्रांत १७९८ पर्यंत बर्नच्याच ताब्यात होता. नाणे तेच, चांदी तीच; आकडा मात्र एकाने कमी. नाण्याची किंमत त्यातील धातू ठरवतो की राज्यसत्ता, हा प्रश्न वर्गात विचारायचा असेल तर ही जोडी शेजारी मांडावी.

संग्राहकांना अशी ठसेवाली नाणी विशेष हवी असतात, आणि तेथेच फसवणूक सुरू होते. ओतीव नकली नाणे आर्किमिडीजच्या पद्धतीने बहुधा पकडता येते. या मिश्रधातूची घनता सुमारे १०.३, म्हणून पूर्ण वजनाचे नाणे दोऱ्याने पाण्यात टांगले की त्याचे वजन साधारण २.८५ ग्रॅमने कमी भरावे. तांबे-निकेलच्या त्याच वजनाच्या चकतीची घट ३.३ ग्रॅम येईल. परंतु अस्सल एक्यूवर कोणी आज खोटा ठसा मारला, तर काय? येथे घनता मुकी होते. मग भिंगच हवे. ठशाच्या काठाशी धातू कसा सरकला आहे, घावाच्या मागच्या बाजूचे चित्र दबले आहे का, आणि मुख्य म्हणजे झीज कोठे किती आहे, हे पाहावे. गुळगुळीत झालेल्या लुईवर धारदार ठसा असला, तर तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. नाणे ठशापूर्वी कित्येक वर्षे हातोहात फिरलेले असू शकते. मात्र ठसा झिजलेला आणि भोवतालचे चित्र कोरे करकरीत, असे दिसले तर संशय घ्यावा.

आणखी एक गोष्ट. काही एक्यूंवर समांतर ओरखडे असतात. नवखा माणूस त्यांना खराबी समजतो. वस्तुतः ठरल्यापेक्षा जड भरलेल्या चकत्या छापण्यापूर्वी कानशीने घासत, त्याच्या त्या खुणा. कडेवर ‘देवा, राजाचे रक्षण कर’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे असत. त्यामुळे कड कातरून चांदी चोरणे अवघड होई. ती अक्षरे आणि हे ओरखडे घासून नाणे चमकवणारे लोक आहेत. चिंचेच्या कोळाने किंवा राखेने नाणे लख्ख होते खरे, पण त्याबरोबर वजनही जाते आणि ठशाची झीज वाचण्याची सोयही.

फ्रान्समध्ये हे एक्यू १८३४ मध्ये व्यवहारातून बाद झाले. स्वित्झर्लंडने १८५० च्या कायद्याने सर्व प्रांतांसाठी एकच फ्रँक स्वीकारला, तोही फ्रेंच फ्रँकच्याच मापाचा : पाच ग्रॅमचा, दहात नऊ भाग चांदीचा.