गाठ कुणी मारली, कुणी सोडवायची? न कळणाऱ्या मालिकांचा थोडा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा मास्तर निवृत्त झाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. तर ते खरं आहे. (हशा) पण बसल्यावर जे झालं त्यातूनच हा विषय सुचला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०२० सालच्या टाळेबंदीत नातीच्या आग्रहाखातर आम्ही दोघं ‘डार्क’ नावाची जर्मन मालिका बघायला लागलो. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, त्यात चार कुटुंबं, आणि काळ दर तेहतीस वर्षांनी स्वतःशीच येऊन मिळतो. १९५३, १९८६ आणि २०१९ या तिन्ही काळांत तीच माणसं लहान, तरुण, म्हातारी अशी भेटतात. आमच्या सौभाग्यवतींनी दोनशे पानी वही काढली आणि वंशावळ मांडायला घेतली. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला, कारण एक बाई आपल्याच मुलीची मुलगी आहे असं निघालं. आता ही रेघ वर काढायची की खाली?

तिसऱ्या सीझनमध्ये केव्हातरी मी रिमोट खाली ठेवला आणि म्हटलं, झालं, आपली स्मरणशक्ती गेली. सत्तरीच्या माणसाला ही भीती काही गमतीची नसते. नाव आठवलं नाही, चष्मा सापडला नाही की मनात तेच येतं. सौ. म्हणाल्या, “तुमचं डोकं शाबूत आहे हो. एकाच माणसाचं काम तीन-तीन नट करतायत, त्याला तुम्ही काय करणार?”

तेव्हा प्रश्न पडला की गोष्ट समजली नाही तर दोष कुणाचा? बघणाऱ्याचा, की सांगणाऱ्याचा? आणि इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टी टीव्हीवर आल्या कुठून? कारण आपल्याला आठवतो तो टीव्ही असा नव्हता.

आधी थोडं मागे जाऊ. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कथानकाच्या लांबीचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कथानक मोठं असावं, पण स्मरणात मावेल इतकंच. पुढे तो नाटकाचे दोन भाग सांगतो, गाठ मारण्याचा आणि गाठ सोडवण्याचा. आणि तक्रार करतो की पुष्कळ जणांना गाठ छान मारता येते, सोडवताना मात्र फजिती होते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या कुठल्याही मालिकेच्या शेवटच्या भागाला लागू करून बघा.

पण अ‍ॅरिस्टॉटलची मोजपट्टी महाभारताला लावली तर? महाभारत स्मरणात मावत नाही. नैमिषारण्यात सौती ऋषींना गोष्ट सांगतो. ती गोष्ट त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांकडून ऐकलेली. ती मुळात व्यासांची. आणि त्या गोष्टीच्या आत संजय धृतराष्ट्राला युद्धाचं वर्तमान सांगतोय. एका कथेत दुसरी, दुसरीत तिसरी. तरी हजारो वर्षं लोकांनी ती ऐकली आणि कुणी हरवलं नाही. याचं एक कारण आदिपर्वाच्या सुरुवातीलाच आहे. अनुक्रमणिका आणि पर्वसंग्रह हे भाग आधी येतात. कोणत्या पर्वात काय घडणार, अध्याय किती, श्लोक किती, हे सगळं पुढ्यात मांडलेलं. म्हणजे जंगलात शिरण्याआधी हातात नकाशा दिला.

दुसरी एक कथा तुम्हाला ठाऊकच आहे. गणपती लेखनिक व्हायला तयार झाला, पण अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. मग व्यास मधूनमधून कूट श्लोक घालत, गणपती क्षणभर विचारात पडे आणि तेवढ्यात व्यास पुढची रचना करून घेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा नंतरची म्हणून मूळ संहितेतून वगळली आहे. पण ज्या कुणी ती रचली, त्याला लेखकाची सगळी गोम माहीत होती. अवघड जागा कधीकधी लेखकाला वेळ मिळावा म्हणून असते! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता टीव्हीकडे येऊ. अमेरिकेत रेडिओवर साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर रोजच्या कौटुंबिक मालिका चालत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ नाव पडलं. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर आली आणि २००९ पर्यंत चालली. माणसं शंभर, लग्नं त्याहून जास्त. पण या मालिका अवघड नव्हत्या, नुसत्या लांब होत्या. एकच बातमी तीन भागांत तीन पात्रं एकमेकांना सांगत. आठवडाभर चुकला तरी बिघडत नसे. आपल्याकडची ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली. कुणी म्हटलं का की डोक्यावरून गेली? ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहीर मेला आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा केल्यावर परतही आला. त्यावर लोक हसले, चिडले, पण कुणी गोंधळलं नाही. लांबी आणि गुंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्रीच्या मालिकांचा हिशेब वेगळा होता. तिथे बहुतेक भाग स्वतंत्र असत. खून झाला, पन्नास मिनिटांत खुनी सापडला. याचं कारण कलेतलं नाही, धंद्यातलं आहे. हे भाग पुढे स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रसारणासाठी विकले जात आणि कुठल्याही क्रमाने लागत. मग क्रमाने बघावी लागणारी गोष्ट कोण विकत घेणार?

१९७७ साली एबीसीवर ‘सोप’ नावाची विनोदी मालिका आली. या सगळ्या प्रकाराची थट्टाच होती ती. प्रत्येक भागाच्या आरंभी निवेदक मागच्या घडामोडी भराभर सांगे आणि बघणाऱ्याला विचारी, गोंधळलात का? प्रेक्षकाच्या गोंधळावर उघड विनोद! गंमत म्हणजे १९८१ साली मालिका बंद झाली तेव्हा तिची एक नायिका गोळीबार पथकासमोर उभी होती, आणि तिचं काय झालं हे त्या मालिकेने सांगितलंच नाही.

त्याच वर्षी, जानेवारी १९८१ मध्ये, ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस ठाण्यावरची मालिका सुरू झाली. डझनभर मुख्य पात्रं आणि एका भागात चार-पाच धागे. आधी निवडक प्रेक्षकांना दाखवून मत घेतलं, तर ते म्हणाले, माणसं फार, काही सुटत नाही, डोकं फिरतं. वाहिनीने मग तोडगा काढला की दर भागात निदान एक तरी धागा पूर्ण व्हावा. बघा, प्रेक्षकाची तक्रार ऐकून घेतली, आणि मालिका सोपी न करता त्याला धरायला एक दोरी दिली. त्या वर्षी तिला आठ एमी पुरस्कार मिळाले.

साधारण त्याच काळात आपल्याकडे १९८४ साली ‘हम लोग’ आली. भागाच्या शेवटी अशोककुमार येत, काय झालं ते उलगडून सांगत, पुढचा प्रश्न मांडत. नंतर बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये ‘समय’ बोलायचा. हे आपले सूत्रधार. संस्कृत नाटकापासून, तमाशापासून, कीर्तनकारापासून चालत आलेले. प्रेक्षक मध्येच आला तरी त्याला हात धरून आत घेणं हे त्यांचं काम.

१९९० साली डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ आली. लॉरा पामर या मुलीचा खून कुणी केला, या एका प्रश्नाने अमेरिका वेडी झाली. कर्त्यांना उत्तराची घाई नव्हती. लिंच यांच्या मते तर ते रहस्य हेच मालिकेचं हृदय होतं. वाहिनीने दबाव आणला, नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड झाला, आणि प्रेक्षक पांगले. १९९१ साली मालिका संपली. उत्तर नाही म्हणून लोक चिडले आणि उत्तर दिल्यावर उठून गेले.

मग १९९३ साली ‘एक्स-फाइल्स’. तिने दोन्ही डगरींवर पाय ठेवला. काही भाग सुटे, काही भाग परग्रहवासी आणि सरकारी कट यांच्या महाकथेचे. मालिका लोकप्रिय झाली, म्हणून संपवता येईना, आणि संपवायची नाही म्हणून गाठीवर गाठ बसत गेली. नऊ वर्षांनी, २००२ साली, शेवटच्या भागात नायकावर लष्करी खटला भरला आणि साक्षीदार एकामागून एक येऊन आजवरची कथा समजावून सांगू लागले. मला तो प्रसंग करुण वाटतो. सूत्रधाराला नऊ वर्षं बाहेर उभं केलं आणि शेवटी साक्षीदार म्हणून बोलावलं.

२००४ सालची ‘लॉस्ट’ तुमच्या मुलांनी नक्की पाहिली असेल. विमान कोसळतं, माणसं बेटावर अडकतात. उष्ण बेटावर पांढरं अस्वल निघतं, जमिनीत झाकण सापडतं, दर १०८ मिनिटांनी एक कळ दाबावी लागते. आधी भूतकाळ दाखवत होते, मग भविष्यकाळ आला, मग कालप्रवास. प्रेक्षकांनी २००५ साली स्वतःच ‘लॉस्टपीडिया’ नावाचा कोश उभा केला. हा आजचा पर्वसंग्रह! फरक एवढाच की तो कर्त्याने दिला नाही, श्रोत्यांना स्वतः लिहावा लागला. मालिकेच्या प्रमुखांनी वाहिनीकडे शेवटाची तारीख मागून घेतली आणि २००७ साली जाहीर झालं की २०१० मध्ये संपणार. शेवट कधी हे माहीत नसताना मध्य कसा लिहायचा, ही त्यांची अडचण खरी होती. व्यासांसारखी सवड हवी होती, म्हणून कूट घालत राहिले. शेवटाबद्दल अजूनही भांडणं होतात.

या सगळ्याच्या मागे यंत्रंही आहेत. व्हिडिओ रेकॉर्डर आला, डीव्हीडीचे संच आले, मग सगळा सीझन एकदम टाकण्याची पद्धत आली. नेटफ्लिक्सने २०१३ साली ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ तशीच आणली. मागे जाता येतं, थांबवता येतं, पुन्हा बघता येतं. २००५ साली स्टीव्हन जॉन्सन या लेखकाने तर मांडलं की अशा मालिकांनी प्रेक्षकाची बुद्धी घासून धारदार होते. त्यात तथ्य आहे. वही घेऊन बसलेल्या आमच्या सौ. त्याचा पुरावा आहेत. पण या यंत्रांनी एक गोष्ट गुपचूप बदलली. पूर्वी न समजल्याची जबाबदारी सांगणाऱ्याची होती. आता म्हणतात, पुन्हा बघा. जबाबदारी बघणाऱ्याच्या गळ्यात आली.

आता माझ्यापुरतं बोलतो. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कान्ट शिकवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हे कळलं नाही.” मी म्हटलं, “पुढे कळेल.” तो बसला. वर्षभर पुन्हा उभा राहिला नाही. खरं सांगू? ते प्रकरण तेव्हा मलाच नीट कळलं नव्हतं. मी लेखणी थांबू नये म्हणून कूट घातला. त्या मुलाला मात्र वाटलं असणार की आपलं डोकं कमी आहे. टाळेबंदीत रिमोट खाली ठेवताना मला जे वाटलं, तेच. ते मला फार उशिरा कळलं.

म्हणून मी आता दोन शब्द वेगळे ठेवतो, गहन आणि दुर्बोध. गहन म्हणजे कर्त्याला तळ माहीत आहे, आणि तो आपल्याला हळूहळू तिथे नेतो आहे. दुर्बोध म्हणजे पाणी नुसतं गढूळ आहे. वरून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायचं कसं? मी एवढंच बघतो की कर्त्याने हाताला धरायला काही ठेवलं आहे का.

‘डार्क’ आम्ही पुन्हा पहिल्यापासून पाहिली, वही घेऊन. तेव्हा दिसलं की कर्त्यांनी, म्हणजे बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीजे यांनी, तरुण आणि म्हातारा चेहरा एकाच पडद्यावर शेजारी ठेवून ओळख पटवून दिली होती. तीन सीझन, सव्वीस भाग, आणि थांबायचं कुठे हे त्यांनी ठरवलेलं होतं. सगळं मला पटलं असं नाही. पण गाठ मारणाऱ्यालाच ती सोडवायची आहे, एवढा विश्वास बसला. मग कष्टाचं काही वाटलं नाही. सौ.नी शेवटी ती रेघ वर-खाली न काढता गोल काढली.

समोर बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती. मालिका असो, बँकेचा फॉर्म असो, डॉक्टरांचं बोलणं असो, नाहीतर माझं हे व्याख्यान असो, कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणा. आधी स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊ नका. आणि ज्यांना सांगायचं काम आहे, त्यांनी ‘पुढे कळेल’ म्हणण्याआधी स्वतःला विचारावं, मला कळलंय का?

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या रांगेतल्यांनी आधी.