घडी घालणाऱ्या मुलांना सरकार का घाबरलं?

७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवण्याचा. आरोपी कोण, तर लाकडी ठोकळे रचणारी, वाफ्यात रोपं लावणारी आणि चौकोनी कागदाच्या घड्या घालणारी पाच-सहा वर्षांची पोरं.

हे वाचून मी आधी हसलो, मग गंभीर झालो. माझी मावसबहीण आणि तिच्या ओळखीची तीन कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. तिथल्या सहा मुलांचं शनिवारचं कागदकाम माझ्याकडे आहे. आठवडाभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हे काम मिळालं ते ‘तू इंजिनिअर आहेस, तुला भूमिती येतेच’ एवढ्या पात्रतेवर. नातेवाइकांचा प्रश्न मात्र दर सणावाराला येतो: ‘शाळा सोडून होड्याच करायच्या का आता?’ बहीण हसून टाळते, पण तो तिला लागतो. त्याचं उत्तर शोधता शोधता मी या इतिहासात शिरलो.

फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. मूल ऐकून शिकण्याआधी हाताने शिकतं, हा त्याचा विश्वास. विणकाम, कातरकाम, घडीकाम हे सगळं त्यातूनच आलं. त्याच्या पद्धतीत मुलांच्या रचनांचे तीन प्रकार होते. होडी, टोपी, पाकीट अशा जगण्यातल्या वस्तू. नक्षीसारखे सुंदर आकार. आणि ज्ञानाचे आकार, म्हणजे चौकोन दुमडला की त्रिकोण, पुन्हा दुमडला की त्याच्या निम्मा त्रिकोण. कागद तोच, हात तेच. खेळ कुठे संपला आणि गणित कुठे सुरू झालं, ते मुलाला सांगावं लागत नाही.

बंदीमागे नावाचा घोळही होता. फ्रोबेलच्या पुतण्याची राजकीय मतं जहाल होती आणि त्याच्या लिखाणाचं खापर काकावर फुटलं. फ्रोबेल १८५२ मध्ये गेला. बंदी उठली १८६० मध्ये, म्हणजे त्याने ते पाहिलंच नाही.

पण तोवर घडी सरहद्द ओलांडून गेली होती. १८४८ ची क्रांती फसल्यावर देश सोडलेल्या जर्मनांपैकी मार्गारेठे शुर्त्झ या बाईंनी १८५६ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावी मुलं जमवली. कुठे? स्वतःच्या घरात. स्वतःची मुलगी आणि नात्यातली, ओळखीतली काही मुलं. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन मानलं जातं ते हे. सरकारने दार लावलं तेव्हा ही विद्या घरातून चालू राहिली, हे मला बहिणीला सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलंही.

१८७६ मध्ये टोकियोत किंडरगार्टन सुरू झालं आणि जर्मन घडी जपानी घडीला भेटली. जपानकडे स्वतःची जुनी परंपरा होतीच. एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले करकोचे करण्याच्या ४९ रीती सांगणारं पुस्तक तिथे १७९७ मध्येच छापलं गेलं होतं. आज आपण ज्याला सरसकट ओरिगामी म्हणतो, त्यात या दोन्ही घरांचं रक्त आहे.

आणि मग मद्रास. तिथे १८९३ मध्ये टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक निघालं. कल्पना सुचली ती किंडरगार्टनच्या घडीकामाच्या संचावरून, हे त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं आहे. संचात होते दोनशे रंगीत चौकोनी कागद. खेळणं लहान मुलांचं, पण राव तिथे थांबले नाहीत. पंचकोन, श्रेढी आणि पुढे थेट वक्ररेषांपर्यंत ते घडीवर घडी घालत गेले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. आज ते इंटरनेटवर फुकट मिळतं. मी ते फोनवर उघडून आमच्या मुलांसमोर ठेवतो.

या गोष्टीला एक उदास वळणही आहे. फ्रोबेलच्या मागून आलेल्या अनेक वर्गांत घडीकामाची कवायत झाली. बाई म्हणणार ‘दुमडा’, सगळे दुमडणार. हात हलतात, डोकं रजेवर. ही कवायत घरातही होऊ शकते, शाळा नसणं हा काही त्यावरचा उतारा नाही. आमच्याकडचा सात वर्षांचा एक गडी प्रत्येक घडीनंतर विचारायचा, ‘दादा, आता काय?’

यावर उपाय सापडला तो अकिरा योशिझावा यांच्या कामात. तरुणपणी ते कारखान्यात होते आणि नव्या कामगारांना भूमिती समजवायला कागदाच्या घड्या वापरायचे. पुढे त्यांनी तुटक रेषा आणि बाणांची चिन्हं रूढ केली. भाषा न येणाराही ती वाचून घडी घालू शकतो. पण माझ्या लक्षात राहिला तो त्यातला विचार: घडी वाचताही येते.

म्हणून आता मी आधी करून दाखवत नाही. तयार होडी मुलांच्या हातात देतो आणि म्हणतो, उलगडा. कागदावर उमटलेल्या खुणांवरून ती परत कशी होईल ते त्यांनी शोधायचं. चुकले तर कागद पुष्कळ आहे, रद्दीला तोटा नाही. परवा त्या सात वर्षांच्या गड्याने खुणा मोजून सांगितलं, ‘या दोन रेषा सारख्याच लांब आहेत, म्हणून टोकं जुळतात.’ त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रशियाचं सरकार कदाचित तितकंसं मूर्ख नव्हतं. ‘आता काय?’ असं न विचारता स्वतःच शोधणारं मूल कुणालाही थोडं जड जातंच.