उलट वाहणारी नदी आणि दिशांचें चक्र

वर्धा जिल्ह्याच्या नकाशाकडे ओझरतें पाहिलें तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ह्या जिल्ह्याची पश्चिमेची व दक्षिणेची सीमा बहुतांशीं कोणा मोजणीदारानें आंखलेली नसून नदीनें आंखलेली आहे. मुलताईच्या बाजूस उगम पावलेली वर्धा अमरावती व यवतमाळ हे जिल्हे उजव्या हातास ठेवून आग्नेयेकडे उतरत जाते. धाम, बोर, वणा ह्यांचें पाणी अखेर तिच्याच पदरांत पडतें. पुढें वैनगंगेची गांठ पडून दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते, आणि आर्वीच्या शेतांत पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरास जाऊन पोंचतो. जमिनीचा हा उतार इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, ह्याच पट्ट्यांत एके काळीं नदी उलट, म्हणजे उत्तरेकडे, वाहत असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं.

तथापि ती तशी वाहत होती. ही गोष्ट सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींची. तिच्या कांठीं तेव्हां मनुष्य नव्हता, गुरेंवासरें नव्हतीं, कीं तिचें नांव ठेवणारें कोणी नव्हतें. तिची दिशा शोधून काढली ती कागदावरच्या एका वर्तुळानें. शाळेंतील मुलाच्या कंपासपेटींतील साहित्यानें काढतां येईल इतकें तें वर्तुळ साधें आहे. आणि साधें असूनहि त्यानें मोठमोठ्या विद्वानांस चकविलेलें आहे. इंग्रजींत त्यास, फुलाच्या पाकळ्यांसारखा आकार दिसतो म्हणून, ‘रोझ डायग्राम’ म्हणतात. येथें त्यास दिशाचक्र म्हणूं.

प्रथम खडकाकडे वळलें पाहिजे. नागपुरास १८४५ सालीं आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे धर्मोपदेशाइतकेच दगडधोंड्यांचे वेडे होते. कामठीच्या आसपासचा वालुकाश्म, त्यांतील पानांचे ठसे आणि प्राण्यांचे अवशेष ह्यांच्याकडे पाश्चात्य पंडितांचें लक्ष त्यांनीं वेधलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटची शिलावर्तुळें पाहून रात्रीं घोड्यावरून परततांना ओढ्याच्या पुरांत ते बुडाले. जन्मभर जुन्या पाण्याच्या खुणा वाचणाऱ्या माणसास नव्या पाण्यानें न्यावें, ही दैवाची क्रूर थट्टाच म्हणावयाची. कामठीचें नांव मात्र त्या खडकास कायमचें चिकटलें. पुढें वर्धा-खोऱ्यांतील कोळशाचा शोध सुरू झाला, वरोऱ्याची खाण निघाली, वर्ध्याहून तिकडे आगगाडी गेली, आणि १८७७ सालीं भूस्तरशास्त्र खात्याच्या ह्यूज ह्यांनीं ह्या कोळसाक्षेत्रावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोळशाच्या थरांवर जो वालुकाश्म पसरलेला आहे तो कामठीचाच. तो वर्धेच्या खोऱ्यांतून खालीं प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत लांबच लांब गेलेला आहे.

आतां दगडांत नदीची दिशा कशी राहते, हें उन्हाळ्यांत वर्धेच्या वाळवंटांत उभें राहिलें असतां सहज समजतें. पाणी ओसरल्यावर वाळूवर लहानमोठे उंचवटे उमटलेले दिसतात. ज्या बाजूनें पाणी आलें ती उंचवट्याची बाजू निमुळती व सौम्य. ज्या बाजूस तें गेलें ती बाजू एकदम उतरती. वाळूचे कण सौम्य बाजूनें वर ढकलले जातात आणि पलीकडे घसरतात. अशा घसरणीचे पातळ थर एकावर एक बसत जातात, आणि ते सारे प्रवाहाच्या दिशेस कललेले असतात. पुढें तीच वाळू गाडली जाऊन दगड झाली तरी तो कल मोडत नाहीं. भूशास्त्रज्ञ होकायंत्र लावून त्या तिरक्या थरांचा उतार कोणत्या दिशेस आहे तें मोजतो. एका थरानें मात्र भागत नाहीं, कारण नदी वळणें घेते, भोंवरे होतात, कांहीं वाळू आडवीहि सरकते. शेंकडों थर मोजावे लागतात, आणि मग शेंकडों कोनांचा ढीग समोर पडतो. ह्या ढिगाचें करावयाचें काय, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न प्रथम खलाशांना पडला. त्यांच्या नकाशांवर बत्तीस दिशांचें कमळ फार पूर्वींपासून काढलेलें असे. परंतु तें दिशा दाखवी, संख्या दाखवीत नसे. कोणत्या दिशेनें वारा किती वेळां वाहिला हें त्या कमळाच्या पाकळ्यांच्या लांबीनें दाखवावें, ही युक्ति एकोणिसाव्या शतकांतली. फ्रान्सांत गेरी ह्यानें १८२९ सालीं वाऱ्याच्या दिशा, तसेच जन्ममृत्यूंचे दिवसांतील तास, अशा वर्तुळांवर मांडले. लालान ह्यानें १८४३ सालीं वाऱ्यांसाठीं असेंच चित्र काढलें. वारा, घड्याळाचे तास आणि वर्षाचे महिने ह्या तिन्ही गोष्टी फिरून आरंभीं येणाऱ्या आहेत, त्यांस सरळ रेषेवर बसविलें तर शेवट आणि आरंभ उगाच दूर पडतात, हें ह्या मंडळींच्या ध्यानांत आलें होतें.

चक्राची कीर्ति पसरविली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें. क्रिमियाच्या युद्धांत गोळीपेक्षां इस्पितळांतील घाणीनें अधिक सैनिक मेले, हें सरकारच्या गळीं उतरविण्यासाठीं तिनें १८५८ सालीं बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या काढल्या. ह्या प्रकरणांत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्या पहिल्या चित्रांत मृतांची संख्या त्रिज्येवर मोजलेली होती. संख्या दुप्पट म्हणून त्रिज्या दुप्पट केली, कीं पाकळीचें क्षेत्रफळ चौपट होतें. आणि डोळा तर क्षेत्रफळच पाहतो. खरी गोष्ट देखील अशा रीतीनें खोटी दिसूं लागते. तिनें चूक कबूल करून संख्या क्षेत्रफळावर बसविली, म्हणजे चौपट संख्येस दुप्पट त्रिज्या. आपल्या बाजूचा पुरावा फुगून दिसत असतां तो स्वतःच्या हातानें आंवळणें हें सोपें काम नव्हे. आजहि छापल्या जाणाऱ्या कित्येक दिशाचक्रांत तोच जुना दोष राहून गेलेला असतो, आणि काढणारास त्याची दादहि नसते.

दुसरी अडचण ह्याहून सूक्ष्म आहे. एक थर उत्तरेच्या दहा अंश पूर्वेस कललेला, म्हणजे १० अंश. दुसरा दहा अंश पश्चिमेस, म्हणजे ३५० अंश. दोघांची शाळेंतली सरासरी काढली तर येते १८०, म्हणजे नेमकी दक्षिण! दोन साक्षीदार उत्तरेकडे बोट दाखवीत असतां न्यायाधीशानें दक्षिणेचा निकाल द्यावा, तशी ही गत. उपाय असा कीं, प्रत्येक कोनास एक पाऊल समजावें. दहा अंशांच्या दिशेनें एक पाऊल टाकावें, तेथून साडेतीनशें अंशांच्या दिशेनें दुसरें. चालणारा अखेर जेथें पोंचतो ती दिशा खरी सरासरी. शिवाय तो आरंभापासून किती दूर गेला ह्यावरून साक्षी किती एकमताच्या आहेत हेंहि कळतें. पावलें चहूंकडे विखुरलीं तर तो जागच्या जागींच घुटमळतो. दिशांत मुळीं मेळ नसतांहि योगायोगानें माणूस किती दूर जाईल, ह्या हिशेबाचा पाया लॉर्ड रॅले ह्यांनीं १८८० सालीं ध्वनिलहरींचा विचार करतांना घातला होता. लहरींसाठीं केलेलें गणित नद्यांच्या कामीं आलें.

आणि आपल्याकडे तें आलें कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमार्फत. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या ह्या संस्थेनें आंकडेशास्त्राबरोबर भूशास्त्राचीहि शाखा उघडली होती. तिचे लोक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांत मुख्यतः प्राचीन प्राण्यांच्या हाडांसाठीं हिंडले. रवींद्रनाथांचें नांव दिलेला ‘बारापासॉरस टागोराय’ हा प्रचंड प्राणी तेथलाच. ह्याच खोऱ्यांत, आज तेलंगणांत असलेल्या भीमारमच्या परिसरांत, सुप्रिय सेनगुप्त ह्यांनीं कामठी खडकांतील तिरके थर मोजले. आणि त्यांचें गणित जे. एस. राव ह्यांच्या साहाय्यानें ‘सांख्य’ ह्या संस्थेच्या नियतकालिकांत १९६६ सालीं प्रसिद्ध झालें. कामठीच्या वरच्या थरांतील ५८० मापनें वीस-वीस अंशांच्या अठरा खणांत वांटलेलीं होतीं.

हीं मापनें पाहिलीं म्हणजे वर सांगितलेली अडचण किती खरी आहे हें पटतें. बहुतेक सारीं उत्तरेच्या दोहों अंगांस दाटलेलीं, आणि दक्षिणेकडचे खण जवळजवळ रिकामे. उत्तर म्हणजे शून्य अंश आणि ३६० अंशहि. त्यामुळें ढिगाचा एक भाग आंकड्यांच्या आरंभीं आणि दुसरा शेवटीं जाऊन बसतो. साधी सरासरी काढणारास ती दक्षिणेकडच्या अर्ध्या वर्तुळांत सांपडेल, म्हणजे जवळजवळ एकहि थर जिकडे कललेला नाहीं अशा बाजूस. योगायोग असा कीं, आजची प्राणहिताहि दक्षिणेकडेच वाहते; तेव्हां ती चूक कोणास खटकलीहि नसती! पावलांच्या रीतीनें मात्र दिशा उत्तरेची, किंचित् पश्चिमेकडे झुकलेली, येते. आजच्या उताराच्या अगदीं उलट. भूमीच्या पोटांतील उलथापालथीनें मध्यंतरीं हा उतार फिरला. वैनगंगा-वर्धेच्या संगमावर स्नान करणारा मनुष्य ज्या दिशेकडे पाणी जातांना पाहतो, तिच्याकडूनच एके काळीं पाणी येत होतें.

खुद्द वर्धा जिल्ह्यांत कामठी वालुकाश्म पाहावयास जाणाराची निराशा होईल. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या दगडाखालीं, म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्ह्याखालीं, झांकलेला आहे. परंतु दिशाचक्राचा संबंध येथें अधिकच जवळचा, कारण तो पिण्याच्या पाण्याशीं आहे. काळ्या दगडाच्या अंगांत पाणी मुरत नाहीं; तें वरच्या कुजक्या मुरुमांत आणि भेगांत सांठतें. भेग सांपडली तर विहिरीस पाणी, न सांपडली तर पन्नास फुटांचा कोरडा खड्डा आणि डोक्यावर कर्ज. उंचावरून पाहिल्यास अशा भेगा सरळ रेघांसारख्या दिसतात, त्यांवर ओढे वळलेले असतात, झाडें ओळीनें उगवलेलीं असतात. भारताचा आय.आर.एस.-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजीं आकाशांत गेला, आणि आकाशांतून घेतलेल्या चित्रांवरून रेघा काढून त्यांचीं दिशाचक्रें मांडण्याचें काम येथें सोपें झालें.

ह्या रेघांस मात्र शेंडाबुडखा नसतो. नदी कोठून कोठें गेली हें विचारतां येतें. भेग ईशान्येस गेली कीं नैर्ऋत्येस, हा प्रश्नच संभवत नाहीं. ३० अंशांची रेघ आणि २१० अंशांची रेघ एकच. पाण्यानें वाहून आणलेल्या गोट्यांच्या बाबतींत हाच पेंच क्रम्बाइन ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञास पडला, आणि १९३९ सालीं त्यानें तो मोठ्या खुबीनें सोडविला: प्रत्येक कोन दुप्पट करावा, पावलांचें गणित करावें, आणि आलेलें उत्तर निम्में करावें. दुप्पट करतांच ३० चे ६० होतात, २१० चे ४२० होतात, आणि ४२० म्हणजे एक फेरा होऊन पुन्हां ६०.

आज हें सारें संगणक करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत वेन रॅसबंड ह्यांनीं १९८७ सालीं सुरू केलेल्या आणि १९९७ पासून ‘इमेजजे’ ह्या नांवानें फुकट मिळूं लागलेल्या कार्यप्रणालीसारखीं साधनें मूळ सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसाठीं झालीं. स्नायूंतील तंतु असोत कीं जमिनींतील भेगा, संगणकास दोन्ही सारखेच. तो चित्रांतील प्रत्येक ठिपक्याचा उजेड शेजारच्या ठिपक्यांशीं ताडून पाहतो, उजेड कोणत्या दिशेस झपाट्यानें बदलतो तें काढतो, त्याच्या काटकोनांतील दिशा रेघेची धरतो, आणि लाखो ठिपक्यांचे कोन खणांत टाकून क्षणांत पाकळ्या रंगवून देतो.

हा वेगच घातक ठरतो. चित्राचे ठिपके चौकटीच्या जाळींत बसविलेले असतात. म्हणून ०, ४५ व ९० ह्या अंशांवर जमिनींत कांहीं नसतांहि पाकळ्या फुटूं शकतात. संगणकास भेग आणि शेताचा बांध ह्यांतील भेद ठाऊक नसतो. वर्ध्याहून निघालेले लोहमार्ग, कालवे, सरळ सडका ह्या साऱ्या त्याच्या हिशेबीं भेगाच. आणि सर्वांत फसवा म्हणजे सूर्य. हे उपग्रह बहुधा सकाळीं दहा-साडेदहाच्या सुमारास येतात, तेव्हां सूर्य आग्नेयेकडे असतो. त्यामुळें ईशान्य-नैर्ऋत्य रेघांवर सांवल्या पडून त्या उठून दिसतात, आणि आग्नेय-वायव्य रेघा उजेडांत विरून जातात. खुद्द वर्धा नदी वाहते ती आग्नेयेकडे! तिच्याशीं समांतर असलेल्या भेगाच चित्रांत दडून राहण्याचा संभव अधिक. म्हणून जाणता भूशास्त्रज्ञ निरनिराळ्या ऋतूंतील चित्रें ताडून पाहतो, रेघा हातानें पारखतो, नुसती त्यांची संख्या न मोजतां लांबीहि मोजतो, आणि अखेर गांवांत जाऊन विहिरीच्या कांठावरून खडकाकडे पाहतो.

खणांची रुंदी ही शेवटची बाब, आणि सर्वांत कमी बोलली जाणारी. तींच मापनें दहा अंशांच्या खणांत टाकलीं तर दोन पाकळ्या दिसतील, तीसच्या खणांत टाकलीं तर दोन्ही मिळून एकच जाड पाकळी होईल. खणाचा आरंभ शून्यापासून न धरतां पांच अंशांनीं सरकविला तरी फुलाचें तोंड बदलतें. पुष्कळदां निबंधांत फूल छापलेलें असतें आणि खण किती अंशांचे होते हें लिहिलेलेंच नसतें. सेनगुप्त व राव ह्यांच्या कामाची थोरवी येथें दिसते. खणाखणांतील आंकड्यांचें त्यांचें कोष्टक उपलब्ध राहिलें. दिशांच्या गणितावर लिहिणाऱ्या पुढील ग्रंथकारांनीं तें वेळोवेळीं उदाहरणादाखल घेतलें, आणि ज्यांनीं प्राणहिता कधीं पाहिली नाहीं अशा दूरदेशच्या विद्यार्थ्यांनीं भीमारमच्या त्या नदीचें चक्र पुन्हां काढून तिची वाट तपासून पाहिली.