साधा माग, ऑटो अटॅचमेंट की रॅपियर? छोट्या कारखानदाराने आधी काय पाहावं

मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी ही महाराष्ट्रातली यंत्रमागाची मोठी केंद्रं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. मालेगाव-भिवंडीत हा धंदा उभा राहिला तो मुख्यतः १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातांवर. ते हातमाग घेऊन आले, पुढच्या पिढ्यांनी विजेवरचे माग बसवले. यंत्र बदलणं आपल्या लोकांना नवं नाही. आता प्रश्न पुढच्या पायरीचा आहे: घरातले आठ-बारा साधे माग ठेवायचे, त्यांनाच काही जोडायचं, की सगळे भंगारात देऊन रॅपियर घ्यायचे?

आधी फरक समजून घेऊ. साध्या मागात धोटा, म्हणजे शटल, पोटात सुताची कांडी घेऊन ताण्यातून इकडून तिकडे धावतो. मिनिटाला साधारण १२० ते १५० फेऱ्या होतात. रॅपियरमध्ये धोटाच नसतो. चिमट्यासारखं टोक असलेला दांडा किंवा पट्टी सूत पकडून ताण्याच्या पलीकडे पोचवते आणि सूत सरळ कोनवरून येतं. वेग सहज ३०० किंवा त्याहून जास्त.

हिशोब करून पाहा. ६० पिकाचं कापड आहे, म्हणजे एका इंचात बाण्याचे ६० धागे. १२० च्या वेगाने साधा माग मिनिटाला २ इंच विणतो, रॅपियर ३०० च्या वेगाने ५ इंच. धागा तुटणं, कांडी बदलणं, कारागिराचा चहा हे सगळं धरून ७५ टक्के वेळ माग चालला असं समजू. बारा तासांच्या पाळीत साधा माग सुमारे २७ मीटर देतो आणि रॅपियर सुमारे ६८. म्हणजे एक रॅपियर अडीच साध्या मागांचं काम करतो. किंमत मात्र अडीच मागांची नसते, कितीतरी पट असते. म्हणून तो फक्त जास्त विणतो एवढ्याने भागत नाही. त्याच्या कापडाला जास्त मजुरी मिळते का, आणि तो रात्रंदिवस चालेल एवढं काम बांधलेलं आहे का, हे दोन प्रश्न व्यापाऱ्याला यंत्र पाहायला जाण्याआधी विचारायचे.

इथेच बहुतेकांचं गणित फसतं. आपल्याकडचा छोटा कारखानदार जॉबवर चालतो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपली फक्त मजुरी. सुताचा भाव उसळला किंवा ग्रे कापडाला उठाव नसला की साधे माग आठवडाभर बंद ठेवता येतात. नुकसान होतं, पण घर बुडत नाही. हप्त्यावर घेतलेला रॅपियर बंद ठेवता येत नाही, कारण हप्ता बंद होत नाही.

मधला रस्ता आहे, आणि तो लोक उगाच कमी लेखतात. जुन्या मागालाच काही भाग जोडून तो अर्धा ऑटोमॅटिक करता येतो. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर ड्रॉपर बसवतात. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडतो आणि माग थांबतो. बाण्याचा धागा तुटला तरी थांबतो. कांडी संपत आली की फीलर कळवतो. वेग फारसा वाढत नाही, पण कापडात दोष कमी येतात, माल परत येणं कमी होतं आणि एका कारागिराला जास्त माग सांभाळता येतात. ज्याच्याकडे बाजारातून दोषांची कपात होते, त्याने खर्चाची सुरुवात इथून करावी.

रॅपियरच घ्यायचा ठरला तर काही गोष्टी आधी तपासाव्यात. सूत मजबूत आणि सायजिंग चांगलं लागतं. साध्या मागावर चालणारं हलकं सूत तिथे सारखं तुटतं. धोटा नसल्यामुळे कापडाची काठ आपोआप बांधली जात नाही, ती वेगळी बांधावी लागते आणि बाजूचं थोडं सूत वाया जातं. ते मजुरीच्या बोलीत धरा. जुना, वापरलेला रॅपियर स्वस्त दिसतो, पण त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर दुरुस्त करणारा माणूस गावात आहे का? आपला नेहमीचा जॉबर हातोडी-पान्याने ते काम करू शकणार नाही.

विजेचंही पाहावं लागतं. यंत्रमागाच्या वीज सवलतीत राज्यात २७ अश्वशक्तीपर्यंतचे आणि त्यावरचे असे दोन गट आहेत. साध्या मागाची मोटर साधारण एक अश्वशक्तीची, रॅपियरची त्याच्या काही पट. थोडे रॅपियर लावले तरी जोडभार ही मर्यादा ओलांडू शकतो. वीज बिल आणि सवलत दोन्ही त्याप्रमाणे मोजा.

आणि कांडी भरणाऱ्या बाया. रॅपियरला कांडी लागत नाही. ज्या विधवेचं घर तुमच्या कारखान्यातल्या कांड्यांवर चालतं, तिला कोन बदलणं, कापड तपासणं, घडी घालणं यातलं काही देता येईल का, याचा विचार यंत्र यायच्या आधी व्हावा.

पैशाचा प्रश्न आपल्या घरांत सगळ्यात जड. १९९९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या टफ योजनेचा मुख्य लाभ होता बँकेच्या कर्जावरच्या व्याजात पाच टक्क्यांची सूट. जो व्याजाच्या भीतीने बँकेत गेलाच नाही, त्याच्या पदरात ती सूट कशी पडणार? नवी योजना कळली की अनुदान कर्जाला बांधलेलं आहे की थेट यंत्रावर मिळतं, हे पहिलं विचारा. व्याज टाळायचं तर भिशी, घरातला कर्ज-ए-हसन किंवा भागीदारी हे मार्ग आहेत. भागीदारीत नफ्याचं प्रमाण आधी लिहून ठरवायचं आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे वाटायचा. दोन भाऊ असले तरी कागद करायचा, भाऊ असले तर जास्तच. यंत्र कोणाच्या नावावर, मध्येच कोणी बाहेर पडला तर किंमत कशी धरायची, तेही त्यातच लिहा.

जकातीबद्दल नेहमी विचारणा होते. माग, रॅपियर, शेड ही कमाईची साधनं आहेत, त्यांच्या किमतीवर जकात नाही. स्वतःचं सूत, विक्रीसाठी तयार कापड, रोकड आणि व्यापाऱ्याकडून नक्की येणारी रक्कम यांचा हिशोब होतो, दर अडीच टक्के. जॉबवर आलेलं व्यापाऱ्याचं सूत तुमच्या हिशोबात धरायचं नाही. यंत्रासाठी बाजूला साठवत ठेवलेली रक्कम मात्र यंत्र घेईपर्यंत रोकडच असते. निसाबाइतका माल असेल आणि वर्ष पूर्ण झालं तर तिचीही जकात निघते. देणं-घेणं गुंतागुंतीचं असेल तर वही घेऊन आपल्या मुफ्तीसाहेबांकडे जा.